काउंटरवरचं एक मिनिट: अँटिबायोटिक देताना काय सांगाल, सहकाऱ्यांना कसं शिकवाल?

औषध विक्रेत्यांशी बोलताना तेच चार प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात. "गिऱ्हाईक चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मागतं. नाही म्हटलं की पलीकडच्या मेडिकलमध्ये जातं. मग करायचं काय?" "पाच दिवसांचं औषध लिहिलंय, माणूस दोनच दिवसांच्या गोळ्या मागतो. द्यायच्या का?" "समुपदेशन करा म्हणतात, पण समोर आठ माणसं उभी असताना कधी करायचं?" आणि दुकानमालकांचा हमखास प्रश्न: "मी सांगतो हो, पण संध्याकाळी गर्दीत बाकीची मुलं काय सांगतात कोण जाणे. त्यांना शिकवू कसं?"

हा लेख या चार प्रश्नांसाठी आहे. सर्दीवर अँटिबायोटिक चालत नाही, हे डी.फार्म. झालेल्या माणसाला ठाऊक असतंच. अडतं ते पुढे. गिऱ्हाईक समोर घाईत उभं असतं आणि नेमकं वाक्य तोंडात येत नाही. म्हणून खाली औषधशास्त्राची उजळणी थोडी आहे आणि बोलायची वाक्यं जास्त आहेत. ती जिभेवर कशी बसवायची, तेही दिलं आहे.

आधी नियम, थोडक्यात

समोरच्याला ठामपणे सांगायचं तर आपल्या पायाखाली काय आहे ते माहीत हवं. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा, त्याखालचे नियम १९४५ चे. त्यातलं काउंटरवर लागणारं एवढंच:

- शेड्यूल एच आणि एच१ मधली औषधं नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय किरकोळीत विकता येत नाहीत. खोक्यावरची सूचना वाचून खात्री करा.
- एच१ ची यादी १ मार्च २०१४ पासून लागू आहे. सेफिक्झीम, सेफपोडॉक्झीम, सेफ्ट्रायॅक्सोन, लिव्होफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन, मेरोपेनेम आणि टीबीची मुख्य औषधं तिच्यात येतात. प्रत्येक विक्रीची वेगळ्या नोंदवहीत नोंद करायची: डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध, किती दिलं. वही ३ वर्षं जपायची.
- चिठ्ठीवर एक ब्रँड लिहिला असेल तर डॉक्टरला न विचारता दुसरा द्यायचा नाही, घटक तोच असला तरीही. चिठ्ठीत जेनेरिक नावच असेल, तर स्वस्त पर्याय द्यायला तुम्ही मोकळे आहात.
- एका चिठ्ठीवर औषध एकदाच. पुन्हा द्यायचं असेल तर तसं डॉक्टरने लिहिलेलं हवं.
- रुग्णाला औषध समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं काम आहे. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्समध्ये ते स्पष्ट नमूद आहे. डोस, कालावधी, दुष्परिणाम, साठवण, डोस चुकला तर काय, हे सगळं त्यात येतं.

स्ट्रिपवरची उभी लाल रेघ गिऱ्हाइकाला दाखवायला फार उपयोगी पडते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्ये तिची मोहीमच केली होती. "ही लाल रेघ आहे ना, ते चिठ्ठीचं औषध," एवढं म्हणून बोट ठेवलं की निम्मा वाद मिटतो.

चिठ्ठी हातात आली की तीन प्रश्न

ड्रॉवर उघडण्याआधी विचारा. तिन्ही मिळून वीस सेकंदही लागत नाहीत.

1. "औषध कोणासाठी आहे?" समोर उभा असलेला माणूस रुग्ण असेलच असं नाही. लहान मूल असेल तर वय आणि वजन विचारा. बाई असेल तर गरोदर आहे का, बाळ अंगावर पितं का, हे हळू आवाजात विचारा.
2. "आधी कुठल्या औषधाने अंगावर पुरळ, सूज, दम असं काही झालं होतं का?" "अ‍ॅलर्जी आहे का?" असं विचारलंत तर बहुतेक जण "नाही" म्हणून मोकळे होतात. लक्षण विचारलं की आठवतं.
3. "रोजच्या गोळ्या कुठल्या चालू आहेत?" रक्त पातळ करणारी वॉरफरिन चालू असताना मेट्रोनिडॅझोल किंवा को-ट्रायमॉक्साझोल लिहिलं असेल, तर थांबा आणि डॉक्टरला फोन करा. मधुमेह, हृदयाच्या ठोक्यांचा त्रास, किडनीचा आजार असेल तरी डॉक्टरला त्याची कल्पना आहे ना, हे विचारून घ्या.

उत्तरात काही खटकलं तर रुग्णासमोर "डॉक्टरने चुकीचं लिहिलंय" असं म्हणू नका. "एक गोष्ट विचारून घेतो, दोन मिनिटं बसा," असं म्हणा.

चार वाक्यांचं समुपदेशन

आठ माणसं उभी असली तरी ही चार वाक्यं होतात:

- कशासाठी: "डॉक्टरांनी हे जंतुसंसर्गासाठी दिलंय. ही तापाची किंवा अंगदुखीची गोळी नाही."
- कशी आणि कधी: "सकाळी आठला एक, रात्री आठला एक, जेवणानंतर." 'दिवसातून दोनदा' म्हटलं की अनेक जण दोन्ही गोळ्या दुपारच्या आत घेऊन टाकतात. घड्याळाची वेळ सांगा. पाकिटावर १-०-१ लिहा. वाचता येत नसेल तर सूर्य आणि चंद्र काढा.
- कधीपर्यंत: "मंगळवारी रात्रीची गोळी शेवटची." 'कोर्स पूर्ण करा' हे वाक्य सगळ्यांनी इतकं ऐकलंय की कानावरून जातं. वार सांगितला की डोक्यात बसतो. डॉक्टरने जितके दिवस लिहिलेत तितकेच. मनाने कमी नाही आणि मनाने जास्तही नाही.
- काय झालं तर परत यायचं: "अंगावर पुरळ आली, तोंड सुजलं, दम लागला तर गोळी बंद आणि सरळ दवाखाना. पातळ संडास एक-दोनदा झाली तर चालेल, पण पाण्यासारखी होत राहिली किंवा रक्त पडलं तर लगेच डॉक्टरांना सांगा."

शेवटी उलट विचारा: "काकू, घरी सूनबाईंना कसं सांगाल?" काकू सांगतील तेव्हा चूक असेल तर लगेच कळते. त्यांनाही परीक्षा घेतल्यासारखं वाटत नाही. गर्दी कितीही असली तरी हे टाळू नका.

डोस चुकला तर काय, असं विचारलं तर एकच उत्तर द्या: "आठवेल तेव्हा घ्या. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या. दोन एकदम घेऊ नका."

औषधागणिक एकच खास गोष्ट

सगळं सांगायला गेलात तर काहीच लक्षात राहत नाही. चार वाक्यांशिवाय प्रत्येक औषधाची एकच जादा सूचना द्या:

- अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट: जेवायला बसतानाच घ्या. पोट कमी बिघडतं.
- डॉक्सिसायक्लिन: पेलाभर पाण्याबरोबर घ्या आणि अर्धा तास आडवं पडू नका. घोटभर पाण्यावर घेऊन झोपलात तर अन्ननलिकेला इजा होऊ शकते.
- सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन: आधी ही गोळी. लोह, कॅल्शियम, झिंक किंवा अ‍ॅसिडिटीचं पातळ औषध त्यानंतर किमान दोन तासांनी. टाचेमागे किंवा सांध्याजवळच्या शिरेत दुखू लागलं तर गोळी थांबवून डॉक्टरांना कळवा.
- मेट्रोनिडॅझोल, टिनिडॅझोल: तोंडाला धातूसारखी चव येते, घाबरू नका. दारू पूर्ण बंद: मेट्रोनिडॅझोल संपल्यावर आणखी ४८ तास, टिनिडॅझोल संपल्यावर ७२ तास. "तुम्ही घेता का?" असं विचारू नका. "ही गोळी चालू असताना कोणीच घ्यायची नसते," असं सरसकट सांगा.
- नायट्रोफ्युरँटॉइन: खाल्ल्यावर घ्या. लघवी गडद पिवळी-तपकिरी झाली तर चालतं.
- अ‍ॅझिथ्रोमायसिन: दिवसातून एकदाच, रोज त्याच वेळेला. बरं वाटावं म्हणून दोन घ्यायच्या नाहीत.

ड्राय सिरप: सांगू नका, करून दाखवा

लहान मुलांच्या औषधात सर्वांत जास्त घोळ याच बाटलीत होतो. बाटलीत कोरडी पूड असते, लेबलवर किंवा काचेवर खूण असते, बरोबर कधी पाण्याची छोटी प्लास्टिकची कुपी असते. घरी गेल्यावर कोणी गळ्यापर्यंत पाणी भरतं. कोणी कुपीतलं निम्मंच पाणी ओततं आणि औषध घट्ट होतं. कोणी पूडच चमच्यात घेऊन पाण्यात कालवतं. तिन्ही प्रकारांत बाळाला किती औषध गेलं ते कोणालाच सांगता येत नाही.

काउंटरवर, आईच्या डोळ्यांसमोर, असं करा:

1. बाटली बंद ठेवूनच हलवून पूड सुटी करा.
2. कुपीतलं किंवा उकळून गार केलेलं पाणी खुणेच्या थोडं खालपर्यंत घाला. झाकण लावून जोरात हलवा.
3. फेस खाली बसू द्या, मग खुणेपर्यंत पाणी पुरं करा. पुन्हा हलवा.
4. मापाच्या टोपणावर किंवा ड्रॉपरवर डोसाच्या रेघेशी पेनने खूण करा. "घरातला चमचा नाही, हेच माप."
5. बाटलीवर तारीख लिहा: कधी कालवलं, कधी टाकून द्यायचं. मुदत त्या लेबलवरच असते. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट साधारणपणे फ्रिजमध्ये ठेवून ७ दिवसांत संपवायचं असतं.
6. घरी फ्रिज आहे का, हे कालवण्याआधीच विचारा. नसेल तर डॉक्टरला विचारून दुसरा पर्याय मागा.

प्रत्येक डोसाआधी बाटली हलवायची, हे आईला एकदा स्वतःच्या हाताने करायला लावा.

चिठ्ठी नसेल तर

'नाही' म्हणून गप्प बसलात तर माणूस दुखावतो. 'नाही' म्हटल्यावर लगेच त्याच्या हाती काहीतरी द्या: साधं औषध, सल्ला किंवा पुढचा रस्ता.

जुन्या स्ट्रिपचा फोटो घेऊन आलेला माणूस: "दादा, फोटोवरून हे औषध देता येत नाही. तुम्हाला आत्ता काय होतंय ते सांगा." नाक गळतंय, घसा खवखवतोय, कणकण आहे एवढंच असेल, तर पॅरासिटामॉल, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, वाफ, विश्रांती. "दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही तर डॉक्टरांना दाखवा." पावसाळ्यातल्या तापात डेंग्यूची शक्यता असते, म्हणून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक आपणहून देऊ नका.

जुलाबावर 'पॉवरची गोळी' मागणारा: आधी ओआरएस, मूल असेल तर त्यासोबत झिंक. रक्त पडत नसेल आणि ताप नसेल तर बहुतेक जुलाब अँटिबायोटिकशिवाय थांबतात.

दोन आठवड्यांवर खोकला असलेला: इथे विशेष जपा. लिव्होफ्लॉक्सासिनसारखं औषध टीबीच्या जंतूवरही थोडंफार चालतं. त्यामुळे खोकला तात्पुरता कमी होतो, टीबीचं निदान लांबतं आणि जंतू औषधाला सरावतो. "सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते, उद्याच करा," असं सांगून जवळच्या केंद्राचा पत्ता लिहून द्या.

साचलेल्या पाण्यातून चालून आलेला: मुंबई-ठाण्याकडे पाऊस तुंबला की लेप्टोच्या भीतीने लोक डॉक्सिसायक्लिन मागतात. ही भीती खोटी नाही. प्रतिबंधक डोस ७२ तासांच्या आत घेण्याचा सल्ला महापालिकाही देते, पण तोसुद्धा डॉक्टरला विचारूनच. गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी औषधच वेगळं असतं. "आजच दाखवा, उद्यावर ढकलू नका," हे वाक्य इथे लागू.

व्हॉट्सअ‍ॅपवर चिठ्ठी आली तर? डॉक्टरने स्वतः दिलेली, सही, तारीख, नोंदणी क्रमांक आणि रुग्णाचं नाव असलेली डिजिटल चिठ्ठी चालते. २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांत तशी सोय आहे. 'ही ही गोळी घ्या' असा नुसता मेसेज म्हणजे चिठ्ठी नव्हे.

आणि पलीकडचं दुकान देतं, त्याचं काय? तालुक्याच्या किंवा गल्लीच्या केमिस्ट संघटनेत हा विषय काढा. चार दुकानांनी एकच पाटी लावली, 'लाल रेघेचं औषध चिठ्ठीशिवाय मिळणार नाही', तर गिऱ्हाइकाला फिरायला जागा उरत नाही. केरळमध्ये तर अँटिबायोटिक निळ्या पाकिटात द्यायची पद्धत सुरू झाली आहे, म्हणजे घरी गेल्यावरही ते औषध वेगळं ओळखू यावं. तुमच्या दुकानात वेगळ्या रंगाचं पाकीट ठेवायला कोणाची परवानगी लागत नाही.

"दोनच दिवसांच्या द्या"

अशा वेळी कारण शोधा. बहुतेकदा तीनपैकी एक असतं:

- पैसे नाहीत. डॉक्टरला फोन करून स्वस्त ब्रँड चालेल का विचारा आणि तसं चिठ्ठीवर नोंदवा. जनऔषधी केंद्राचा किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राचा रस्ता सांगा, तुमची विक्री गेली तरी.
- "बरं वाटलं की थांबू" असा बेत. "बरं वाटलं तर मला किंवा डॉक्टरांना फोन करा, मनाने थांबू नका," एवढं सांगा.
- "गोळी गरम पडते." काय होतं ते खोदून विचारा. तोंड येतं, छातीत जळजळतं की जुलाब होतात? प्रत्येकाला वेगळं उत्तर आहे. 'असं काही नसतं' म्हटलंत तर तो ऐकायचाच थांबेल.

एवढं करूनही तो कमीच घेणार असेल, तर किती गोळ्या दिल्या ते तारखेसह चिठ्ठीवर लिहून शिक्का मारा. उरलेल्या कधी न्यायच्या तो वार सांगा. स्ट्रिप कापताना बॅच नंबर आणि मुदत शाबूत राहील असं कापा. नाही जमलं तर पाकिटावर लिहून द्या.

सहकाऱ्यांना शिकवण्याचा चार आठवड्यांचा बेत

दुपारी दोन ते चार दुकान शांत असतं. आठवड्यातून एक दिवस वीस मिनिटं काढा.

1. पहिला आठवडा, कपाट: सगळी अँटिबायोटिक्स ब्रँडच्या अक्षरांवरून विखुरलेली असतात. ती एका कप्प्यात आणा, एच१ वेगळी ठेवा. कप्प्यावर पट्टी चिकटवा: 'आधी चिठ्ठी'. लावता लावता प्रत्येकाची एक खास सूचना म्हणून घ्या.
2. दुसरा आठवडा, वाक्यं: तीन प्रश्न आणि चार वाक्यं मोठ्याने म्हणायला लावा. ज्याची बोली वऱ्हाडी, त्याने वऱ्हाडीत. ज्याची मालवणी, त्याने मालवणीत. पुस्तकी मराठी काउंटरवर टिकत नाही.
3. तिसरा आठवडा, तालीम: एकाने गिऱ्हाईक व्हायचं. कधी घाईतला रिक्षावाला, कधी रडतं बाळ घेतलेली आई, कधी मालकाचा जुना मित्र. सर्वांत अवघड मित्रच असतो, त्याची तालीम दोनदा घ्या.
4. चौथा आठवडा, पाहणी: खऱ्या दहा रुग्णांच्या वेळी बाजूला उभं राहून खुणा करा: प्रश्न विचारले का, वेळ सांगितली का, शेवटचा वार सांगितला का, धोक्याची लक्षणं सांगितली का, उलट विचारलं का. रुग्णासमोर टोकू नका, दुकान मिटल्यावर बोला.

एक मर्यादा पाळा. औषध देणं आणि समजावणं नोंदणीकृत फार्मासिस्टनेच, किंवा त्याच्या देखरेखीखालीच व्हायला हवं. मदतनीस मुलाला एकच वाक्य शिकवा: "ह्याबद्दल फार्मासिस्ट सांगतील, एक मिनिट थांबा."

इथे औषध नको, डॉक्टर हवा

ही यादी काउंटरच्या आतल्या बाजूला लावून ठेवा:

- तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप
- दम लागणं, धाप, ओठ निळे पडणं
- मान आखडणं, झटके, गुंगी
- जुलाबात रक्त, किंवा लघवी फार कमी होणं
- तीन दिवसांहून जास्त ताप
- गरोदरपणात किंवा केमोथेरपी चालू असताना आलेला कुठलाही ताप

तुमचे हक्क, रुग्णाचे हक्क

चिठ्ठी अपुरी, अवाचनीय किंवा संशयास्पद असेल तर औषध न देण्याचा आणि डॉक्टरला विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांनी डॉक्टरांना अँटिबायोटिक लिहिताना कारणही लिहा असं आवाहन केलं आणि औषध विक्रेत्यांना चिठ्ठीशिवाय देऊ नका असं. कारण लिहिलेलं नसेल तर विचारायला संकोच कसला?

रुग्णालाही हक्क आहेत: बॅच आणि मुदत लिहिलेलं बिल, प्रश्नाला उत्तर, आणि आजाराबद्दल चारचौघांत मोठ्याने बोललं न जाणं. लघवीच्या किंवा गुप्त आजाराचं औषध असेल तर काउंटरच्या कडेला बोलवा, आवाज खाली आणा. औषधाचा गंभीर दुष्परिणाम दिसला तर रुग्ण आणि तुम्ही, दोघंही तो राष्ट्रीय औषध सुरक्षा कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या टोल-फ्री क्रमांकावर नोंदवू शकता.

उद्यापासून

सगळं एकदम करायला जाऊ नका. उद्या सकाळी दुकान उघडलं की पहिल्या अँटिबायोटिकच्या पाकिटावर शेवटच्या गोळीचा वार लिहा आणि तो वाचून दाखवा. दिवसभर फक्त एवढंच करा. रात्री गल्ला मोजताना आठवून पाहा, किती जणांनी थांबून दुसरा प्रश्न विचारला. तो दुसरा प्रश्न कोणता होता, यावरून परवा काय शिकवायचं ते ठरवा.